श्वास, श्वसन आणि दम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली जिल्ह्यातल्या शाळेत तीसेक वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. प्रश्न काही निवृत्त झाले नाहीत. पूर्वी ते वर्गात यायचे, आता सकाळी नदीच्या घाटावर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या तरी बांधावर येतात. श्वसनावरचे सगळ्यांत जास्त. श्वास सगळेच घेतात, त्यामुळे त्यातलं आपल्याला कळतं असंही सगळ्यांना वाटतं. जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते इथं उतरवले आहेत. क्रम पुस्तकाचा नाही.

श्वास आणि श्वसन एकच ना?

नाही. परीक्षेतले निम्मे गुण इथंच जातात.

छाती फुगवून हवा आत घ्यायची आणि बाहेर सोडायची, हा श्वासोच्छ्वास. लोहाराच्या भात्याचं काम. श्वसन ही त्याच्या पुढची सगळी कहाणी. हवेतला ऑक्सिजन रक्तात उतरतो, रक्त तो अंगभर पोचवतं, पेशीपेशीत अन्नातली साखर त्याच्या मदतीनं फोडली जाते आणि त्यातून जगायला लागणारी ऊर्जा सुटते. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड आल्या वाटेनं परत जातो. भाता हलताना दिसतो, भट्टी दिसत नाही, म्हणून आपण भात्यालाच भट्टी समजून बसतो.

भात्याविनाही भट्टी चालते. गांडुळाला फुप्फुसं नाहीत, ते ओल्या कातडीवर भागवतं. झुरळाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बारीक छिद्रं असतात आणि तिथून निघालेल्या नळ्या हवा थेट आतल्या पेशींपर्यंत नेतात. मुंडकं तुटलेलं झुरळ काही दिवस जगतं त्याचं एक कारण हेच, त्याला नाकाची गरजच नसते. ज्वारीच्या दाण्याला तर छिद्रही दिसत नाही. श्वसन तिघंही करतात.

श्वसन म्हणजे सावकाश जळणं, हे मोजून दाखवलं फ्रान्सच्या लाव्हाझिएनं. १७८० च्या दशकात त्यानं आणि लाप्लासनं एका गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि किती बर्फ वितळतं ते पाहिलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळून त्याच्या उष्णतेशी ताडून बघितलं. आकडे बरेच जवळ आले. आपलं अंग गरम का असतं, याचं उत्तर त्या बर्फाच्या पाण्यात होतं. फरक एवढाच की कोळसा एकदम भडकतो आणि पेशी ती आग बारीक बारीक पायऱ्यांनी उतरवते, प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा बाजूला काढत.

सर, श्वसनाचे प्रकार नक्की किती?

कुणाला विचारता त्यावर आहे. जीवशास्त्राचा मास्तर दोन सांगेल : ऑक्सिजन वापरून होणारं ऑक्सिश्वसन आणि त्याच्याविना होणारं विनॉक्सिश्वसन. तोच मास्तर पुढच्या पानावर तीन टप्पे सांगेल. फुप्फुस आणि रक्त यांच्यातली देवघेव म्हणजे बाह्यश्वसन, रक्त आणि पेशी यांच्यातली म्हणजे आंतरश्वसन, आणि पेशीच्या आत चालतं ते पेशीश्वसन. प्राण्यांचा धडा आला की अवयवांवरून वाटणी होते : कातडी, कल्ले, श्वासनळ्या, फुप्फुसं. डॉक्टर पोटाचा श्वास आणि छातीचा श्वास असा भेद करतील. योगाचे शिक्षक पूरक (श्वास घेणं), कुंभक (रोखणं), रेचक (सोडणं) म्हणतील. माझी आजी प्रकार सांगायची नाही, पण उसासा, सुस्कारा, धाप आणि घरघर यांतला फरक तिला भिंतीआडून कळायचा.

पोरं चुकतात ती या वाटण्या एकमेकींत मिसळतात म्हणून. ‘पेशीस्तरावर’ असा शब्द प्रश्नात दिसला तर उत्तर ऑक्सि आणि विनॉक्सि. तिथं नाक, घसा, श्वासनलिका काढत बसू नका, आकृती कितीही छान येत असली तरी.

कुस्तीत दम लागतो तेव्हा शरीरात काय होतं?

हा प्रश्न आमच्याकडे येणारच, तालमीशिवाय गाव नाही.

पट काढायला झेप घेतली त्या पहिल्या आठ-दहा सेकंदांत स्नायू साठवलेल्या तयार ऊर्जेवर चालतात. पुढं पकड घट्ट झाली, जोर वाढला की रक्त पुरवू शकतं त्यापेक्षा ऑक्सिजनची मागणी जास्त होते. मग स्नायू ऑक्सिजनशिवायच ग्लुकोज अर्धवट फोडायला लागतात. या अर्धवट फोडणीतून ग्लुकोजच्या एका रेणूमागं एटीपीचे, म्हणजे पेशीत ऊर्जा वाहून नेणाऱ्या पदार्थाचे, दोनच रेणू सुटतात, आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं. कमाई थोडी पण हातोहात. हे फार तर मिनिट-दोन मिनिटं रेटता येतं.

कुस्ती सुटल्यावर पैलवान आखाड्याच्या कडेला बसून भात्यासारखा का हापसतो? अंगमेहनत तर थांबली. कारण उधारी फेडायची असते. संपलेला साठा पुन्हा भरायचा, लॅक्टिक आम्लाचा निकाल लावायचा, तापलेलं अंग निववायचं, या सगळ्याला ऑक्सिजन लागतो. या उधारीची कल्पना मांडणारे ए. व्ही. हिल यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझपदक घेऊन आले, हे सगळ्यांना पाठ आहे. जपानच्या इशीशी लांबलेली लढत संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत पैलवानासमोर उभं राहावं लागलं, मधल्या विश्रांतीचा आग्रह धरायला आपल्या बाजूचं कुणी तिथं नव्हतं, असं सांगतात. हा किस्सा मी वर्गात श्वसनाच्या धड्यालाच सांगायचो. उधारी फिटायच्या आत दुसऱ्या दुकानात उभं करणं म्हणजे काय, हे पोरांना त्यातून लगेच कळायचं.

आता एक गैरसमज. दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते लॅक्टिक आम्लानं, असं तालमीतले वस्तादही सांगतात. ते आम्ल तासाभरात बहुतेक निघून जातं. हृदयाचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांचं असतं.

बोर्डात ३८ एटीपी लिहायचे की ३२?

तुमच्या पुस्तकात जो आकडा असेल तो. ऑक्सिश्वसनात ग्लुकोजच्या एका रेणूमागं किती एटीपी, याचा जुना हिशेब ३८ चा आहे. नंतरच्या मोजणीत वाटेतली गळती धरून तो ३० ते ३२ वर आला. विनॉक्सिश्वसनाचे दोन दोनच राहिले. भावार्थ असा की तंतुकणिकेत, म्हणजे पेशीतल्या भट्टीत, ऑक्सिजनच्या साथीनं साखर पूर्ण फुटली की पंधरापट तरी जास्त हाती लागतं. साखरेच्या या पुढच्या प्रवासातल्या एका चक्राला क्रेब्ज यांचं नाव आहे. १९३७ मध्ये त्यांनी ते मांडलं आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आणखी एक, गुणांसाठी नाही, मजेसाठी. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात. म्हणजे अंगभर ऑक्सिजन वाटत फिरणारी पेशी स्वतः त्यातला कणही वापरत नाही. पंगतीत वाढपी उपाशी.

हरिपूरच्या पेवात एकदम उतरू देत नाहीत ते का?

या पानावरचा हा माझा आवडता प्रश्न. एका हळद व्यापाऱ्याच्या नातवानं विचारला होता.

ज्यांनी पेव बघितलेलं नाही त्यांच्यासाठी : सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात जमिनीत खोल खड्डे खणून हळद साठवायची जुनी रीत आहे. तोंड अरुंद, आत घेर मोठा. आतून सारवायचं, पाला अंथरायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. तिथली माती घट्ट, पाणी-हवा सहजी न सोडणारी, म्हणून हे जमतं. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं गेली. उरलेल्यांचं काम आता गोदामं आणि कोल्ड स्टोरेज करतात.

बंद पेवात महिनोन्‌महिने हळद टिकते, कीड लागत नाही. का? पोरं पटकन म्हणतात, हळद श्वसन करते आणि ऑक्सिजन संपवते. चूक. पेवात जाते ती हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली असते. तो कंद मेलेला आहे, तो कसलं श्वसन करतोय! ऑक्सिजन संपवतात ते हळदीबरोबर आत गेलेले किडे, बुरशी, माती-पाल्यातले जिवाणू. कोंडलेल्या हवेत ते श्वसन करतात, ऑक्सिजन खाली येतो, कार्बन डायऑक्साइड वर जातो आणि एका टप्प्याला किडे स्वतःच गुदमरतात. चोरांनीच आतून कडी लावून घ्यायची, तशातला प्रकार. ज्वारीच्या पेवात मात्र दाणा जिवंत असतो, तोही या खर्चात हातभार लावतो.

म्हणून पेव फोडल्यावर लगेच उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून वाट बघायची. मग कंदील सोडून बघायचा. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६-१७ च्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्याहून थोडा खाली तग धरतो, म्हणजे ज्योत आपल्याआधी इशारा देते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाला बसतो, त्यामुळे कंदील तळापर्यंत सोडायचा, वरच्या वर नाही.

ही युक्ती शौचाच्या टाकीला किंवा गोबरगॅसच्या खड्ड्याला अजिबात लावू नका. तिथं मिथेन असतो, ज्योतीनं भडका होईल, आणि हायड्रोजन सल्फाइड असेल तर ज्योत जळत राहील आणि माणूस आडवा होईल. अशा ठिकाणी एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. आधी हवा खेळती करायची, कमरेला दोर बांधायचा आणि अग्निशमनवाल्यांना बोलवायचं. मर्दानकीचा विषय नाही हा.

कणगीतली ओली ज्वारी आतून गरम का लागते?

दाणा श्वसन करतो म्हणून, आणि त्याच्यावर वाढलेली बुरशी त्याहून जास्त करते म्हणून. कोरडा दाणा जवळपास झोपलेला असतो. ओल लागली की जागा होतो, साखर जाळतो, ऊब आणि पाणी दोन्ही सोडतो. त्या पाण्यानं शेजारचा दाणा जागा होतो. उन्हात वाळवून मगच भरायची, ही घरातल्या बायकांची शिस्त याच साखळीला तोडते. बेदाण्याला, द्राक्षाला गारव्यात ठेवतात त्यामागंही हेच. गारव्यात द्राक्षाचं श्वसन आणि बुरशीची वाढ, दोन्ही मंदावतात.

पुरात ऊस पाण्यात उभा असतो, तरी जळाल्यासारखा का होतो?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर काठचा ऊस बघून एक शेतकरी मला म्हणाले, “मास्तर, पाण्यानं पीक वाळतंय हे कुठल्या पुस्तकात हाय?” आहे, श्वसनाच्याच धड्यात.

मुळं जिवंत असतात, त्यांनाही ऑक्सिजन लागतो, आणि तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळीतल्या हवेतून मिळतो. पाणी साठलं की ती पोकळी भरते. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू. मुळं एक-दोन दिवसांत विनॉक्सिश्वसनावर येतात, दोन एटीपीच्या कमाईवर. एवढ्यात क्षार आणि पाणी ओढून घ्यायचं काम होत नाही. म्हणून गळाभर पाण्यात उभं असलेलं पीक तहानेनं वाळतं. वर मुळांत अल्कोहोल साठतं ते वेगळंच.

ऊस त्यातल्या त्यात चिवट. शेंडा पाण्यावर राहिला तर निभावतो. पाणी कोंबात शिरून गाळ बसला की वाढ थांबते. हळद, सोयाबीन इतकंही सोसत नाहीत, हळदीचा गड्डा कुजतो. भात मात्र मजेत असतो, कारण त्याच्या खोडात हवेच्या पोकळ्या असतात आणि पानातून घेतलेली हवा त्या मुळापर्यंत पोचवतात. वाफसा हा आपल्याकडचा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. पाणी आणि हवा दोन्ही मुळाला मिळतील अशी मातीची अवस्था एका शब्दात सांगितली आहे.

नदीत मळीचं पाणी आलं की मासे का मरतात? मळी विषारी असते का?

विषापेक्षा जिवाणूंची भूक जास्त मारते. साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी म्हणजे त्यांना मेजवानी. ते झपाट्यानं वाढतात आणि श्वसनासाठी पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन ओढून घेतात. तो मुळातच किती? एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, एक लिटर नदीच्या पाण्यात पाच-सहा मिलिलिटर. माशाचे कल्ले एवढ्यावर संसार करतात. त्यातही वाटेकरी आले की मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. उन्हाळ्यात पाणी कमी आणि कोमट असतं, तेव्हा तर आणखी वाईट, कारण कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

पिंपळ आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन देतात, खरं का?

खरं नाही. झाडातून बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा रेणू फुटून येतो आणि तो फोडायला उजेड लागतो. श्वसन मात्र झाडं अहोरात्र करतात, पानांनी, खोडानं आणि मुळांनीही. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा जोर मोठा असतो, त्यात ते झाकलं जातं इतकंच. निवडुंगासारखी काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन तीही दिवसाच सोडतात.

उलट बाजूची भीतीही खोटी आहे. खोलीत दोन कुंड्या ठेवल्यानं कुणी गुदमरत नाही. शेजारी झोपलेला माणूस त्या कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि त्याला कुणी रात्री बाहेर ठेवत नाही.

बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले की जास्त वेळ पाण्याखाली राहता येतं. मग धोका काय?

कृष्णेत पोहायला शिकलेल्या प्रत्येकाला ही युक्ती कुणीतरी सांगितलेली असते. मलाही सांगितली होती आणि मी ती वापरली आहे. वाचलो हे नशीब.

श्वास घ्यावासा वाटतो तो ऑक्सिजन कमी पडला म्हणून, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर नजर ठेवून असतं. तो वाढला की जीव घुसमटतो आणि आपण वर येतो. वीस-तीस जोराचे श्वास घेतल्यानं रक्तात ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच धुऊन निघतो. म्हणजे टाकी मोठी झाली नाही, फक्त धोक्याची घंटा काढून ठेवली. पाण्याखाली ऑक्सिजन संपत जातो, घंटा वाजत नाही, आणि पोरगं कसलीही धडपड न करता बेशुद्ध होतं. चांगले पोहणारेच यात जातात, कारण नवशिक्या इतका वेळ खाली थांबतच नाही.

माहुलीच्या संगमावर असो की सांगलीच्या घाटावर, पैजा लावून बुड्या मारणाऱ्या पोरांना हे एवढं तरी सांगा. एक साधा श्वास, एक बुडी, आणि वर कुणीतरी बघणारा.

महाबळेश्वरला गेल्यावर दम लागतो, तिथं ऑक्सिजन कमी आहे का?

हवेतलं प्रमाण तेच, २१ टक्के. मात्र १३७२ मीटर उंचीवर एकूण हवाच समुद्रकिनाऱ्याच्या मानानं पंधराएक टक्के विरळ असते. निरोगी माणसाला बसल्या जागी हे जाणवतही नाही. दम लागतो तो पॉइंटवरच्या चढ-उतारानं आणि वर्षभर न केलेल्या व्यायामानं. साताऱ्याची मंडळी रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येतात, त्यांना विचारा.

गाणाऱ्यांचा दमसास म्हणजे फुप्फुसं मोठी असतात का?

मिरजेतून आलेला प्रश्न, हे सांगायला नको. तंतुवाद्यांचं गाव ते. अब्दुल करीम खाँसाहेब तिथंच राहिले आणि मिराँसाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ आजही गाणं होतं.

फुप्फुसांचा आकार उंची आणि वयावर ठरतो, रियाजानं तो फारसा बदलत नाही. बदलतो तो वापर. आपण शांत बसलो असताना एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. मोठ्या माणसाची पूर्ण ताकद चार-पाच लिटरपर्यंत असते. गवई त्यातला मोठा भाग वापरायला शिकतो, आणि मुख्य म्हणजे सोडायला शिकतो. एरवी उच्छ्वास आपोआप होतो : छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल सैल पडतं, छाती खाली बसते, हवा निघून जाते. गाताना श्वासपटल, बरगड्या आणि पोटाचे स्नायू मिळून ती हवा दोरा सोडावा तशी सोडतात. पोटानं श्वास घ्या म्हणतात ते यासाठीच. हवा पोटात जात नाही. श्वासपटल खाली सरकतं म्हणून पोट पुढं येतं. खांदे उचलून घेतलेला श्वास दिसायला मोठा आणि असायला लहान.

प्राणायामानं शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो ना?

वर बुडीच्या प्रश्नात उत्तर आलं आहे : निरोगी माणसाच्या रक्तात जास्तीला जागाच नसते. याचा अर्थ प्राणायाम फुकट असा नाही. मनगटावर नाडी धरून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना मंद झालेली कळेल. उच्छ्वास लांबवला की शरीराला निवांत करणारी मज्जासंस्था वरचढ होते. फायदा तिथं आहे, आणि तो खरा आहे. साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळांतून सूर्यनमस्कार घालायला लावले, त्यातही प्रत्येक स्थितीला पूरक-रेचक जोडलेले आहेतच.

परंपरेत माणूस दिवसाला २१,६०० श्वास घेतो असं म्हटलं आहे. मिनिटाला १५ धरून गुणून बघा, तोच आकडा येतो. आजचं वैद्यक प्रौढ माणसासाठी विश्रांतीत मिनिटाला १२ ते २० म्हणतं.

लहान बाळ भरभर श्वास घेतं, काळजी कधी करायची?

बाळाचा श्वास मुळातच जलद असतो. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण बाळांचा श्वास अडखळत चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील तर मोजतही बसू नका. बिब्बा, डाग, छातीवर चोळायची पानं हे सगळं वेळ खातं.

साखर कारखान्यावर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगावर काम करणाऱ्यांना खोकला का होतो?

जुन्या, ओल्या बगॅसवर बुरशीसारखे सूक्ष्मजीव वाढतात. त्यांचे बीजाणू धुळीबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथं सूज येते. याला बगॅसोसिस असं नावच आहे. कामावरून आल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप, आणि सुट्टीत बरं वाटणं, अशी खूण पटली तर डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते आवर्जून सांगा. नुसत्या रुमालानं भागत नाही, चांगला मास्क लागतो.

‘दम’ आणि ‘श्वास’ यांत फरक काय?

श्वास संस्कृतातला, दम फारसीतून आलेला, मूळ अर्थ दोन्हींचा एकच. मराठीनं दमाला भलताच कामाला लावला : दम लागतो, दम धरतात, दम खातात, दम देतात, एका दमात सांगतात आणि बिर्याणीलाही दम लागतो. श्वासाचं कुळही थोरच. ‘श्वस्’ या धातूपासूनच विश्वास आणि आश्वासन हे शब्द झाले.

घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा.

दोन सांगतो. पानपट्टीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा, वरची निवळी हलक्या हातानं काढून घ्या. नळीनं तिच्यात फुंकर घाला. थोड्या वेळात ती दुधाळ होते, ही कार्बन डायऑक्साइडची खूण. तशीच फुंकत राहिलात तर पुन्हा नितळ होते, का ते शोधा. निवळी ओढून तोंडात घेऊ नका आणि डोळ्यांना लागू देऊ नका.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. दोन थर्मास घ्या. एकात भिजवून मोड यायला लागलेली मटकी, दुसऱ्यात उकळून गार केलेली. दोन्हींना कापसाचा बोळा लावा आणि आत थर्मामीटर ठेवा. दुसऱ्या दिवशी जिवंत मटकीचा पारा चढलेला दिसेल. उकळलेली मटकी धुऊन, थोड्या जंतुनाशकात बुडवून ठेवायला विसरू नका, नाहीतर तिच्यावर जिवाणू वाढून तीही गरम होते आणि पोरं म्हणतात, सर, मेलेली मटकीपण श्वास घेते. बोळ्याऐवजी घट्ट झाकण लावलंत तर आंबूस वास येईल. आतला ऑक्सिजन संपून मटकी विनॉक्सिश्वसनावर आली, असं वहीत लिहा. उसळ मात्र या मटकीची करू नका.